मुंबईचा पावसाळा आणि जॅझच्या रेकॉर्ड्स: बुरशी, वेग, सुई, खरेदी

गिरगाव४

जॅझच्या रेकॉर्ड्सवरचा आधीचा धागा फार लांबला आणि कामाची माहिती त्यात पार पुरली गेली. म्हणून हा नवा, आणि तो मुंबईपुरताच. परदेशातले सल्ले इथे जून ते सप्टेंबर चालत नाहीत. तिकडची हवा कोरडी, तबकडी स्थिर विजेने धूळ ओढते, म्हणून त्यांचा सगळा भर त्यावर. आपल्याकडे जुलैत आर्द्रता दिवसेंदिवस ८०-९० टक्क्यांवर असते. इथला पहिला प्रश्न बुरशीचा.

सुरुवात जागेपासून करू. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत पावसाचा मारा खाते, त्या भिंतीला रेकॉर्डचं कपाट टेकवू नका. दुसरी जागाच नसेल तर भिंत आणि कपाटाची पाठ यांत निदान दोन इंच फट ठेवा आणि खाली चार इंचांचे पाय लावा. कपाट प्लायवूडचं करा. पार्टिकल बोर्ड ओल खाऊन फुगतो आणि फळी मधे बसते. कव्हरसकट शंभर एलपी म्हणजे २५ ते ३० किलो वजन होतं, त्यामुळे गाळा दीड फुटापेक्षा रुंद नको. तबकड्या उभ्या आणि सरळ ठेवायच्या. तिरप्या टेकलेल्या हळूहळू वाकतात. गच्चीखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. व्हिनाइल साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं आणि वजनाखाली त्याच्या आधीच आकार सोडायला लागतं.

आतली कागदी पाकिटं ओल धरून ठेवतात, ती काढून एचडीपीई प्लास्टिकची पातळ पाकिटं घाला. जुनी मऊ, चिकट पीव्हीसीची पाकिटं असतील तर ती आजच फेका. त्यांच्यामुळे तबकडीवर धुरकट पापुद्रा चढतो आणि कायमची सूं-सूं ऐकू येते. धुऊन ती जात नाही.

सिलिका जेल बंद कपाटातच उपयोगी पडतं. उघड्या शेल्फवर ठेवलं तर ते अख्ख्या मुंबईची हवा सुकवायला बसतं. शंभर रेकॉर्ड्सच्या कपाटाला पाव किलो ठेवावं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यापेक्षा नारिंगी बरे. रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवायचं, की पुन्हा तयार. भर पावसात हे आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. कपाटात एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ मध्ये असेल तर बुरशीची काळजी नाही, ६५ च्या वर आठवडाभर राहिला तर कव्हरांच्या कडा तपासा.

आणि एक बाब घरोघरची. फोडणीचा धूर आणि उदबत्तीचा धूर, दोन्ही तबकडीवर चिकट थर देतात आणि त्यावर इमारतीच्या पुनर्विकासाची सिमेंटधूळ बसते. ही धूळ कोरड्या ब्रशने घासली तर पॉलिश पेपरचं काम करते. अशी रेकॉर्ड ओली करूनच साफ करायची.

सुई_आणि_खाच

चांगला धागा. धुण्याचं मी लिहितो.

मिश्रण: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं) आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. तिन्ही वस्तू प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात आणि वाळल्यावर तेच खाचेत बसून कडकड करतात. भांड्यांचा साबण नको, त्यातल्या सुगंधाचा थर राहतो. अल्कोहोल पेटतं, म्हणून हे काम गॅस आणि देवघर या दोन्हींपासून लांब करायचं.

लेबल साधारण १० सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्याच मापाचं प्लास्टिकचं झाकण त्यावर दाबून धरायचं, म्हणजे लेबल भिजत नाही. मिश्रण ओतून दोन मिनिटं थांबा. खरं काम ही दोन मिनिटंच करतात, घाई केली की घासण्याचा जोर वाढतो. मग मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल, पाच-सहा फेरे एकीकडे आणि तितकेच उलटे. आडवा हात कधी मारायचा नाही. मायक्रोफायबरने टिपा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा धुवा. ही दुसरी धुलाई बहुतेक लोक गाळतात आणि मग सुईवर पांढरा गोळा जमतो म्हणून तक्रार करतात.

वाळवायला ताटाळं उत्तम, तबकड्या उभ्या राहतात. पंख्याखाली एरवी पाऊण तास, पावसाळ्यात दोन तास. ऊन नको. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घातली तर धुतली नसती तरी चाललं असतं.

बुरशी लागलेली असेल तर नाकाला मास्क लावून, खिडकीजवळ, बाकीच्या रेकॉर्ड्सपासून दूर. बुरशी मुळात बोटांचे ठसे, धूळ, कागदाची खळ यांवर वाढते, त्यामुळे लवकर धुतली तर आवाजात काही कळत नाही. फार दिवस राहिली तर मात्र ठिपक्याच्या जागी फुटफुट उरते. जुनं आतलं पाकीट फेकूनच द्यायचं.

सगळ्यात महत्त्वाचं: ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांच्या पेटीत व्हिनाइल आणि लाख एकत्र असतात, हातात घेऊन वजन आणि जाडी बघा. जड, जाड आणि टकटक वाजणारी ती लाखेची.

पावशेर

कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत कुणीच लिहिली नाही. पुस्तकांच्या कपाटाला चालते, रेकॉर्डला चालेल का? आणि डांबरगोळ्या?

गिरगाव४

बल्ब नको असं माझं स्पष्ट मत. १५ वॅटचा बल्ब बंद कपाटात वरच्या कप्प्याला एका बाजूने तापवत राहतो आणि एकाच बाजूने तापलेली तबकडी हमखास वाकते. पुस्तक वाकून पुन्हा सरळ होतं, रेकॉर्ड होत नाही. त्यापेक्षा खोलीत रोज दोन तास एसी ड्राय मोडवर चालवा आणि त्या वेळात कपाटाची दारं उघडी ठेवा.

डांबरगोळ्यांचा वास कव्हरच्या पुठ्ठ्यात वर्षानुवर्षं बसतो आणि त्याची वाफ प्लास्टिकजवळ नकोच. कसर लागू नये म्हणून हवं असेल तर कडुनिंबाची वाळलेली पानं कापडी पुरचुंडीत घाला, सुटी नकोत, चुरा खाचेत जातो.

चर्नीरोड_स्लो

जपानहून आलेलं बेल्टचं टर्नटेबल आहे, १०० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर लावला तरी सगळं मंद आणि खाली वाजतं. पट्टा नवा घातला, फरक नाही. मोटर गेली का?

मंद्रसप्तक

मोटर ठीक असणार. व्होल्टेजचा यात संबंध नाही, फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्याचा आहे. पश्चिम जपानमध्ये, ओसाका वगैरेकडे, वीज ६० हर्ट्‌झची असते आणि टोकियोकडे ५० ची. अमेरिकेत ६०. आपल्याकडे ५०. एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्‌झप्रमाणे फिरते, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. त्यामुळे ६० साठी बनलेली मशीन इथे पाच-षष्ठांश वेगाने चालते. ३३⅓ च्या जागी २७.८ आरपीएम. सूर पेटीच्या तीन पट्ट्या आणि थोडा आणखी खाली उतरतो. काळी दोनमधलं गाणं पांढरी एकच्याही खाली गेलं तर दोष हाच.

उपाय पुली बदलण्याचा. काही कंपन्या दोन्ही पुली देत, जुन्या सामानात ५० लिहिलेली मिळाली तर प्रश्नच मिटला. नाहीतर लेथवाल्याकडून पितळी करून घ्यायची. इथे एक चूक सगळे करतात. व्यास सरळ १.२ ने गुणतात. पण पट्ट्याची जाडी हिशोबात धरावी लागते, कारण वेग पट्ट्याच्या मध्यरेषेवर ठरतो. समजा पुली १० मिमी आणि पट्टा ०.६ मिमी जाड. बेरीज १०.६, गुणिले १.२ म्हणजे १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२ मिमी. नुसते १२ केलेत तर मशीन जवळजवळ एक टक्का मंद चालेल, आणि एक टक्का कानाला कळतो.

६० हर्ट्‌झची मोटर ५० वर जास्त करंट ओढते आणि तापते. तुमचा ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असेल तर आणखीच. बरोब्बर १०० देणारा घ्या, किंवा थोडा कमी. ज्यांच्याकडे डीसी मोटरची किंवा क्वार्ट्‌झवाली डायरेक्ट ड्राइव्ह मशीन आहे त्यांनी हे सगळं सोडून द्यावं, त्यांना फक्त व्होल्ट जुळवायचे असतात.

वेग मोजायला स्ट्रोबची तबकडी (रेघा आखलेला गोल कागद, वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात): ५० हर्ट्‌झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. इंटरनेटवरून काढलेल्या कागदावर बहुधा २१६ रेघा असतात, त्या ६० हर्ट्‌झच्या. शिवाय हल्लीचे बरेच एलईडी पुरेसे लुकलुकत नाहीत आणि रेघा नुसत्या धूसर दिसतात. जुना निऑन इंडिकेटर किंवा चोकवाली ट्यूबलाइट वापरा. फोनमधलं आरपीएम ॲपही चालतं, फक्त फोन बरोबर मधोमध ठेवायचा.

तिहाई

कानाने तपासायचं असेल तर एक सुंदर सापळा आहे, त्यात अडकू नका. बहुतेकांच्या घरी जॅझची एकच रेकॉर्ड असली तर ती माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ असते, म्हणून लोक तीच लावून पेटीवर सूर जुळवतात. तिची पहिली बाजू २ मार्च १९५९ ला कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, आणि ज्या यंत्रावर झाली ते किंचित मंद चालत होतं. मंद चाललेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी पेटीपेक्षा चढी ऐकू येतात. ही दुरुस्ती १९९२ च्या आवृत्तीत झाली. जुनी तबकडी किंवा तिचं जसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर दोष तुमच्या मशीनचा नव्हे.

म्हणून तपासायला दुसरी बाजू लावा. ती २२ एप्रिलची, सुरात आहे. ‘ऑल ब्लूज’च्या सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास जो ठेका धरतो त्याचा षड्ज पांढरी पाच. पेटीची पांढरी पाच दाबून धरा. दोन्ही सूर एकमेकांत मिसळले तर वेग बरोबर, लाटा आल्या तर पट्टा किंवा पुली बघा. फक्त आधी पेटी सुरात आहे का ते ट्यूनरवर पाहा, पावसाळ्यात पेटीही हलते.

सूर जुळल्यावर पहिल्या बाजूकडे या. ‘सो व्हॉट’ शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माणसाला चटकन कळतं, ते कळायला जॅझचा अभ्यास लागत नाही. ते डोरियन सुरावटीत आहे, आणि डोरियन म्हणजे आपला काफी थाट, गंधार-निषाद कोमल. सोळा मात्राखंड (बार) पांढरी दोनचा काफी, मग आठ खंड सगळा काफी एक पट्टी वर काळी दोनवर, मग आठ खंड परत खाली. एवढीच इमारत, ३२ खंडांची, आणि ती पुन्हा पुन्हा फिरते. षड्ज सरकतो ती जागा एकदा कानाला सापडली की आवर्तन मोजता येतं, आणि मग सॅक्सोफोनवरचा कोल्ट्रेन त्या जागेवरून कसा घसरत नेतो आणि दुसऱ्या सॅक्सोफोनवरचा कॅननबॉल ॲडर्ली तीच जागा कशी हसत ओलांडतो हा फरक ऐकू येतो. मला या रेकॉर्डमधलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं: सहा जण एकाच चौकटीत सहा स्वभावांनी बोलतात.

पावशेर

हे छान. मग ‘टेक फाइव्ह’ म्हणजे झपताल म्हणायचा का? पाच आणि पाच दहा.

तिहाई

उलटं वळण आहे. झपताल २-३-२-३, ‘टेक फाइव्ह’ ३-२. हातावर १-२-३, १-२ मोजा, पियानोचा ठेका तेच सांगतो. डेव्ह ब्रुबेकच्या त्याच ‘टाइम आउट’ रेकॉर्डवर (१९५९) ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ आहे, नऊ मात्रांचं, २-२-२-३. ते मोजताना तिसऱ्या फेऱ्यानंतर एक सरळ ३-३-३ येतो, तिथे सगळे सुटतात.

ब्रुबेक १९५८ मध्ये दौऱ्यावर भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’वरचं ‘कॅलकटा ब्लूज’ त्या दौऱ्याचं. ड्यूक एलिंग्टन १९६३ ला आला, लुई आर्मस्ट्राँग १९६४ ला. एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ ऐका, क्लॅरिनेट साळुंकीसारखी बोलते. मग १९७८ पासून धोबीतलावच्या रंगभवनातली जॅझ यात्रा, पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स. या शहराला हे संगीत परकं कधीच नव्हतं. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटचा ट्रम्पेट होता, १९५१ चा ‘अलबेला’ ज्याने पाहिलाय त्याने जॅझ ऐकलेलंच आहे.

खरेदी_चोरबाजार

आता खरेदी. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर दुकानं शुक्रवारी बंद असतात, बाकीच्या दिवशी सकाळी अकरानंतर जा, उजेड हवा. सोबत छोटी टॉर्च आणि मायक्रोफायबर.

तबकडी कव्हरातून काढायला सांगा आणि लेबलवरचं नाव कव्हरशी जुळतं का ते पहिलं बघा. गायिका एला फिट्झगेराल्डच्या कव्हरात भलतीच तबकडी असणं नेहमीचं. मग टॉर्च तिरपी धरा. समोरून प्रकाश पाडला तर काहीच दिसत नाही. केसासारखे बारीक ओरखडे चालतात. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा, नख अडखळलं तर सुईही अडखळणार. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात आणि एका मिलिमीटरमध्ये साधारण आठ ते बारा खाचा असतात, म्हणजे अर्धा सेंटिमीटर लांबीचा आडवा ओरखडा सव्वा ते पावणेदोन मिनिटं टक-टक करणार. असा हिशोब करून भाव ठरवा.

मधल्या भोकाभोवती करड्या रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली. चकाकी असूनही खाचा झिजलेल्या असू शकतात, हे टॉर्चला दिसत नाही, वाजवूनच कळतं, आणि ते शेवटच्या गाण्यात ऐकायचं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर धावते, लेबलजवळ तेच २० सेंटिमीटरवर येतं. कमी जागेत तेवढाच आवाज दाटलेला, त्यामुळे झीज आधी तिथे बोलते. ट्रम्पेटच्या वरच्या सुरांना खरखर असेल तर सोडून द्या.

कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ किंवा कॅपिटॉलचं ‘ड्युओफॉनिक’ दिसलं की ठेवून द्या. तो मोनोवर यंत्राने चढवलेला खोटा स्टिरिओ असतो, आवाज पोकळ लागतो. १९५७ च्या आधीचं ध्वनिमुद्रण मोनोतच घ्यावं.

ब्लू नोट या जॅझ कंपनीची जुनी तबकडी कुणी चढ्या किमतीला दाखवली तर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ (ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची सही) आणि कानासारखी छोटी खूण बघा. ती खूण तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची, १९६६ पर्यंतची. ती नसेल तर पहिल्या काळातली प्रत म्हणून पैसे मोजू नका. आणि खरं सांगायचं तर मुंबईच्या हवेत राहिलेल्या जुन्या प्रतीपेक्षा ब्लू नोटचीच २०१९ पासून निघणारी टोन पोएट पुनर्मुद्रण मालिका किंवा क्लासिक मालिका ऐकायला सरस.

सुई_आणि_खाच

खरेदीवर एक भर. एकच मापदंड सगळ्या रेकॉर्ड्सना लावू नका. आर्ट ब्लेकीची ‘मोनिन’’ (१९५८) थोडी खरचटलेली चालते, ड्रम आणि ट्रम्पेट टकटक गिळून टाकतात. सॉनी रोलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ (१९५६) तशीच. पण बिल एव्हान्सची ‘वॉल्ट्‌झ फॉर डेबी’ नितळ असली तरच घ्या. ते २५ जून १९६१ चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं ध्वनिमुद्रण, मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज, आणि त्यात स्कॉट लाफारोचा बास. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. त्या बासच्या तारेवरून बोट सुटतानाचा श्वासभर आवाज ऐकायचा असतो, तिथे एक जरी टक आली तरी गेलं. ‘एला अँड लुई’ (१९५६) मधोमध, पण घरातल्या सगळ्यांना आवडेल अशी एकच घ्यायची असेल तर तीच. रविवारी स्वयंपाक चालू असताना एक बाजू लावा, भाजी होईपर्यंत संपते.

सुईचं: डायमंड अमर नसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत इलिप्टिकलला (लंबगोल टोकाच्या सुईला) ३०० तास आणि मायक्रोलिनियरला (आणखी बारीक घडवलेल्या टोकाच्या सुईला) १००० तास कंपनीच सांगते. रोज एक एलपी म्हणजे पाऊण तास, वर्षाला पावणेतीनशे तास. इलिप्टिकल दरवर्षी बदलायची, नाहीतर झिजलेली कड खाच कोरते. सुईचं खाचेवरचं वजन २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेड असेल तर १.८. डिजिटल काट्यावर मोजा, हाताच्या अंदाजाने नको. आणि वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड जपली जाते ही समजूत चुकीची. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

चर्नीरोड_स्लो

पुलीचा हिशोब कळला, आभार. आणखी दोन: लोकलच्या रुळाजवळची इमारत आहे, गाडी गेली की स्पीकरचा पडदा हलताना दिसतो. आणि घुं-घुं आहे, टोनआर्मला हात लावला की कमी होते.

मंद्रसप्तक

हात लावल्यावर कमी होते म्हणजे अर्थिंग नाही. टर्नटेबलमागची बारीक सुटी वायर फोनो प्रीअँपच्या (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला घट्ट करा. दमट हवेत तिचं टोक हिरवं पडतं, ते खरवडून. तरीही राहिली तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांतले व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असतील तर इमारतीचं अर्थिंग बिघडलेलं आहे, ते सोसायटीचं काम. तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, शॉक बसेल.

लोकलसाठी: टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून काढा आणि बीमजवळच्या पक्क्या भिंतीला कंसावर फळी लावून त्यावर ठेवा. मधल्या चार इंची भिंतीला नको, तीच थरथरते. स्पीकर त्या फळीवर चुकूनही नको. प्रीअँपला सबसॉनिक फिल्टर असेल तर चालू करा, वीस हर्ट्‌झखालचं सगळं जाऊ दे, बासचं काही बिघडत नाही.

आणि लेथवाल्याकडे जाल तेव्हा पुलीच्या घेराला मधे किंचित फुगवटा ठेवायला सांगा, ०.१ मिमी पुरे. सपाट पुलीवर पट्टा वर-खाली सरकतो. जुनी पुली सोबत न्या, दांड्याचं भोक तिच्यावरून मोजू दे, कारण भोक जरा जरी सैल झालं तर पियानोचा लांब सूर थरथरतो आणि मग तो दोष पट्ट्याचा वाटतो.